शिकागोला पहिल्यांदा जाताय आणि वेळ कमी आहे? मग पहिल्या सकाळी नदीतली बोट

आधी निकाल सांगते, बाकीचं नंतर. शिकागोला पहिल्यांदा जाताय आणि हातात दोन-तीनच दिवस आहेत तर पहिल्या दिवशी सकाळी नदीतली आर्किटेक्चरची बोट करा. शेवटच्या दिवसासाठी ठेवू नका, वेळ उरला तर बघू असं तर अजिबात नको. आम्ही शिकागो आर्किटेक्चर सेंटरची टूर घेतली, बोटीचं नाव शिकागोज फर्स्ट लेडी, दीड तासाची, माणशी 50 डॉलरच्या थोडं वर. माझ्याकडून पाचपैकी पाच स्टार आणि ह्यांच्याकडूनही पाच, आणि हे सहसा कशालाच तीनच्या वर देत नाहीत.

आम्ही कोण ते थोडं सांगते म्हणजे आमचं मत तुमच्या किती कामाचं ते तुम्हाला ठरवता येईल. हे सिव्हिल इंजिनियर, दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले, मी शाळेत शिकवायचे. 2024 च्या सप्टेंबरात लेकीकडे अमेरिकेत होतो, ती राहते ते गाव छान शांत आहे पण गाडीशिवाय पाऊल बाहेर टाकता येत नाही, आणि लेक-जावई दोघंही दिवसभर कामावर. तिला रजा मिळेना तेव्हा तीच म्हणाली की आई-बाबा तुम्ही दोघंच जाऊन या, मी सगळं बुक करून देते. लग्नाला चौतीस वर्षं झाली पण परक्या देशात, बरोबर कोणी नाही, फक्त आम्ही दोघं असं कधी फिरलोच नव्हतो. मला धाकधूक होती, त्यात माझा उजवा गुडघा. ह्यांना मात्र शिकागो म्हटल्यावर कॉलेजात शिकलेलं सगळं आठवायला लागलं, विमानातच सुरू झाले.

गुरुवारी संध्याकाळी ओ'हेअरला उतरलो. इथे पहिली टीप, टॅक्सी करू नका. विमानतळातूनच ब्लू लाइन नावाची ट्रेन निघते, सामान कमी असेल तर पाऊण तासात डाउनटाउनला, आणि ही लाइन चोवीस तास चालू असते. गावातल्या बस-ट्रेन चालवणाऱ्या सीटीएचा तीन दिवसांचा पास आम्ही गेलो तेव्हा 15 डॉलरला होता, त्यात बस आणि ट्रेन हव्या तेवढ्या, विमानतळावरून सुटं तिकीट काढलं तर एका खेपेचेच 5 डॉलर जायचे तेही ह्यातच यायचं. पासला व्हेंट्रा कार्ड लागतं, त्याचे तेव्हा वेगळे 5 डॉलर, आणि एका कार्डावर दोघांना जाता येत नाही, माणशी एक कार्ड घ्यावंच लागतं. पास तारखेने मोजत नाहीत, पहिल्यांदा टॅप केलं तिथून 72 तास. आम्ही गुरुवारी संध्याकाळी टॅप केलं ते रविवारी दुपारी विमानतळावर परत पोचेपर्यंत चाललं, एक डॉलर वर गेला नाही.

हॉटेलचं नाव घेत नाही पण जे झालं ते सांगितलंच पाहिजे. लेकीने खोलीचे पैसे आधीच भरले होते, तरी काउंटरवरचा मुलगा म्हणाला रोजची अमेनिटी फी वेगळी, दिवसाला 30 डॉलर. कशाची फी, तर वायफाय, जिम आणि लॉबीतली कॉफी. आम्ही जिमला जाणार नव्हतो आणि कॉफी आम्ही खोलीतच करून घेतो, पण ती फी न देण्याची सोयच नाही म्हणे, बुकिंगच्या पानावर खाली कुठेतरी बारीक अक्षरात लिहिलेलं होतं ते लेकीच्या नजरेतून सुटलं. तीन रात्रींचे 90 डॉलर गेले आणि त्या रात्री मला ते फार लागलं, त्या पैशात आम्ही दोघं जवळजवळ आणखी एकदा बोटीत बसलो असतो. तुम्ही बुक करताना खोलीचा दर बघू नका, सगळे कर आणि फी धरून शेवटचा आकडा काय येतो तो बघा.

आता बोट. मिशिगन अ‍ॅव्हेन्यू जिथे नदी ओलांडते तो पूल म्हणजे ड्यूसेबल ब्रिज, त्याच्या दक्षिण टोकाला वॅकर ड्राइव्हवरून खाली रिव्हरवॉकला उतरायचं, तिथेच धक्का आहे. मोबाईलच्या मॅपवर फार विसंबू नका, वॅकर ड्राइव्ह एकावर एक असा मजल्यांचा रस्ता आहे, खालच्या मजल्यावर गेलात की फोनला कळतच नाही तुम्ही वर आहात का खाली, लेक घरून आमचं लोकेशन बघत होती तिला आम्ही दहा मिनिटं नदीत दिसत होतो. पायऱ्या बऱ्याच आहेत, मी कठड्याला धरून सावकाश उतरले. वेळेच्या अर्धा तास आधी पोचा कारण जागा नंबराच्या नसतात, जो आधी चढेल त्याला हवी तिथे. वरच्या उघड्या डेकवर बसा, खाली काचेआड बंद जागा आहे, तिथे टॉयलेट पण आहे, पण बघायचंय ते सगळं डोक्यावर असतं. ऊन थेट येतं आणि पाण्यावर वारा बोचतो, म्हणून टोपी आणि स्वेटर दोन्ही जवळ ठेवा.

आमच्या गाइड साधारण सत्तरीच्या एक बाई होत्या. ह्या टूरवर माहिती सांगणारे सगळे स्वयंसेवक असतात, पगारी नाहीत, सेंटरकडून शिक्षण घेतात आणि मग बोटीवर उभे राहतात. हे मला नंतर कळलं पण ऐकताना आधीच जाणवत होतं, पाठ केलेलं घडाघडा म्हणून दाखवणं आणि एखाद्याने आपलं गाव आपल्याला हात धरून दाखवणं ह्यात फरक असतो ना, तो. मी इतकी वर्षं वर्गावर उभी राहिले, समोरच्याला कुठे थांबवायचं आणि कुठे मान वर करायला लावायची हे त्या बाईंना बरोबर माहीत होतं. बोलणंही स्वच्छ, शब्द तोडून, माझ्या कानातून एक वाक्य सुटलं नाही.

सुरुवात त्यांनी आगीपासून केली. 8 ऑक्टोबर 1871 ला रात्री आग लागली ती 10 तारखेपर्यंत धुमसत होती, साधारण 300 माणसं गेली आणि एक लाखाच्या आसपास लोक बेघर झाले, तेव्हा सगळ्या गावाची वस्तीच तीन लाख होती. म्हणजे तिघांतला एक रस्त्यावर. लाकडी गाव होतं, घरं लाकडाची, फुटपाथसुद्धा लाकडाचे. मग नव्याने बांधायला देशभरातून आर्किटेक्ट आणि इंजिनियर इथे आले आणि त्यातूनच 1885 मध्ये लोखंडी सांगाड्यावर उभी केलेली दहा मजली होम इन्शुरन्स बिल्डिंग आली, तिला पुष्कळ लोक जगातली पहिली स्कायस्क्रेपर म्हणतात. ती आता नाही, 1931 मध्ये पाडली. आणि आगीचं खापर कोणावर फुटलं, तर ओलिअरी नावाच्या एका गरीब आयरिश बाईवर, तिच्या गाईने लाथ मारून कंदील पाडला म्हणे. आग तिच्या गोठ्यातूनच सुरू झाली हे खरं पण गाईचा काही पुरावा कधीच नव्हता, तरी ती बाई मरेपर्यंत लोकांची बोलणी खात राहिली आणि शिकागोच्या नगरपालिकेने तिला आणि तिच्या गाईला निर्दोष ठरवलं ते 1997 मध्ये. सव्वाशे वर्षांनी! मला फार वाईट वाटलं तिचं. जिथे तिचं घर होतं तिथे आता फायर ब्रिगेडच्या ट्रेनिंगची शाळा आहे.

मग नदी. ही नदी आधी मिशिगन सरोवरात जायची, गावाचा सगळा मैला घेऊन, आणि गावाला प्यायचं पाणीही त्याच सरोवरातून. मग गावाने काय केलं तर 28 मैलांचा कालवा खोदला आणि 1900 च्या जानेवारीत नदीचा प्रवाहच उलटा फिरवला, सरोवराकडून आत. हे ऐकल्यावर आमचे हे खुर्चीतून पुढे सरकले ते दीड तास तसेच बसले. मैला मिसिसिपीच्या दिशेने जायला लागला म्हणून खालच्या मिझुरी राज्याने खटला भरला, तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि 1906 मध्ये मिझुरी हरलं. ह्यांचं म्हणणं, इंजिनियरला नदी फिरवता येते पण खाली राहणाऱ्यांना विचारायला पाहिजे होतं. हे असं ते धरणाच्या कामावर होते तेव्हापासून म्हणतात.

बोट आधी पश्चिमेला जाते, मग नदीच्या उत्तर आणि दक्षिण अशा दोन्ही फाट्यांत फिरते आणि परत येऊन सरोवराच्या दारापर्यंत जाते, सरोवरात उतरत नाही. पुलांखालून जाताना वरच्या गाड्यांचा घरघराट ऐकू येतो आणि पुलाचं लोखंड अगदी डोक्याशी. मरीना सिटीचे दोन टॉवर फोटोत पुष्कळदा बघितले होते, मक्याची कणसं उभी केल्यासारखे, 65 मजल्यांचे, 1960 च्या दशकातले, बर्ट्रंड गोल्डबर्गचे. पण खालून बघताना काय दिसतं तर पहिले एकोणीस मजले नुसत्या गाड्या, गोल फिरत वर गेलेला रस्ता आणि त्याच्या कडेला एकेक गाडी पाठ बाहेर करून लावलेली, नंबर प्लेट वाचता येते इतकी कडेला. वरची घरं म्हणजे गोल भाकरीच्या पाचराच, आत काटकोन जवळजवळ नाहीतच. मी विचार करत होते कपाट कुठे लावत असतील.

क्लार्क स्ट्रीट आणि लासाल स्ट्रीटच्या मध्ये बाईंनी आवाज खाली आणला. तिथे 24 जुलै 1915 ला सकाळी ईस्टलंड नावाची बोट धक्क्यालाच बांधलेली असताना कलंडली, कारखान्यातले कामगार बायकापोरांना घेऊन पिकनिकला निघाले होते, 844 माणसं गेली. काठ तिथून हाताच्या अंतरावर आहे. बाई एवढंच सांगून थांबल्या आणि पुढचा पूल येईपर्यंत काही बोलल्या नाहीत, बोटीवर कोणीच बोललं नाही.

दक्षिण फाट्यात शिरताना एक इमारत अशी येते की बघून पोटात गोळा येतो, 150 नॉर्थ रिव्हरसाइड, 2017 ची. वर रुंद आणि खाली निमुळती, पेन्सिल टोकावर उभी केल्यासारखी. एका बाजूला रेल्वेचे रूळ, दुसऱ्या बाजूला नदी, मध्ये जागाच एवढीशी, म्हणून पाय बारीक. वाऱ्याने हलू नये म्हणून माथ्यावर पाण्याच्या टाक्या ठेवल्यात, इमारत एकीकडे झुकली की पाणी दुसरीकडे जातं. हे म्हणाले, बरोबर आहे, असंच करायला हवं. आणि थोडं पुढे गेल्यावर विलिस टॉवर, पूर्वीचा सिअर्स टॉवर, 110 मजले, 1,450 फूट, 1998 पर्यंत जगातला सगळ्यात उंच. त्याचे इंजिनियर फजलुर रहमान खान, ढाक्यात जन्मलेले. हे नाव बाईंनी घेतलं आणि ह्यांनी हात वर केला, वर्गात करतात तसा. चौतीस वर्षांत मी ह्यांना अनोळखी माणसांसमोर आपणहून बोलताना बघितलेलं नाही. उभं राहून म्हणाले, कॉलेजात मी ह्यांच्यावर सेमिनार दिला होता. इंग्रजी अडखळत होतं पण बाईंनी माइक बाजूला धरून पूर्ण ऐकून घेतलं आणि मग बोटीला सांगितलं की हे गृहस्थ इंजिनियर आहेत. तुम्हाला सांगते, टूरचे पैसे मला तिथेच वसूल झाले.

परत येताना उजव्या हाताला सरोवराच्या तोंडाशी सेंट रेजिस, 2020 ची, जीन गँग ह्या बाईंची. बाईने डिझाइन केलेली जगातली सगळ्यात उंच इमारत. तिचा 83 वा मजला मुद्दाम रिकामा ठेवलाय, वारा आरपार जाऊ दे म्हणून. मी तो मजला शोधून काढला आणि ह्यांना दाखवला.

मी बोट पहिल्या सकाळी करा असं का म्हणते ते आता सांगते. त्यानंतरचे दोन दिवस आम्ही जिथे जिथे गेलो तिथे इमारती ओळखीच्या होत्या. रस्ता चुकला तर मी कणसं शोधायची, हे विलिस टॉवर शोधायचे, दोन्ही सापडले की आपण कुठे ते कळायचं. धास्ती गेली. ट्रिब्यून टॉवरपाशी तासभर नुसतं भिंतीला हात लावत फिरलो, 1925 ची इमारत आहे आणि तिच्या बाहेरच्या भिंतीत जगभरच्या प्रसिद्ध वास्तूंचे दगड बसवलेत, त्यात ताजमहालाचाही एक तुकडा आहे. मोठी मोठी नावं वाचत वाचत तो सापडला तेव्हा मी तिथेच थांबले थोडा वेळ.

शनिवारी आर्ट इन्स्टिट्यूट. आम्ही गेलो तेव्हा मंगळवार-बुधवार बंद असायचं, तुमचे वार बघून घ्या. चित्रं अफाट आहेत, जॉर्ज सरा ह्या फ्रेंच चित्रकाराचं ठिपक्यांनी रंगवलेलं रविवारच्या दुपारचं चित्र लांबून बघा मग जवळ जा मग परत लांब या, भिंतभर आहे, मी तीनदा केलं. पण मला जायचं होतं ते आणखी एका कारणाने. 11 सप्टेंबर 1893 ला विवेकानंदांनी अमेरिकेतल्या माझ्या भगिनींनो आणि बंधूंनो म्हणून सुरुवात केली ती ह्याच इमारतीत. ज्या सभागृहात ते बोलले ते आता नाही, तिथे फुलर्टन हॉल आहे आणि त्याच्यापाशी एक पाटी आहे, बाहेर रस्त्याला स्वामी विवेकानंद वे असं नाव आहे. दरवर्षी 11 सप्टेंबरला मी परिपाठाला मुलांना हे सांगायचे, कधी तिथे उभी राहीन असं वाटलं नव्हतं. बाकी लोक पाटीवरून पुढे जात होते, आम्ही दोघं बराच वेळ उभे होतो.

मिलेनियम पार्कमधला बीन, म्हणजे आरशासारखं चकचकीत मोठं शिल्प, जवळच आहे, फुकट आहे, अनिश कपूर ह्यांचा, म्हणजे मूळचे मुंबईचेच. 168 स्टीलचे पत्रे जोडलेत पण सांधा शोधून सापडत नाही. गर्दी नको असेल तर सकाळी लवकर जा.

डीप डिश पिझ्झा एकदा खा, एकच मागवा. आम्ही दोन मागवले कारण वेटरने सांगितलं एक पुरणार नाही, ते चुकीचं होतं, एक छोटा पालकाचा दोघांना पोटभर होतो. भाजायला पाऊण तास लागतो, चीज खाली आणि टोमॅटो वर, हाताने नाही खाता येत, काटा-सुरी लागते. चव मला आवडली, ह्यांना कणकेचा भाग जाड वाटला. बिलात कर आणि वर टिप धरून छापील दरापेक्षा तीसएक टक्के जास्त जातात ते डोक्यात ठेवूनच मागवा.

विलिस टॉवरच्या स्कायडेकवर, 103 व्या मजल्यावर, गेलो नाही. डेव्हन अ‍ॅव्हेन्यूलाही नाही, ओळखीच्या सगळ्यांनी सांगितलं होतं तिथे आपलं सगळं मिळतं म्हणून, पण अडीच दिवसांत अर्धा दिवस तिकडे घालवायचा हे पटलं नाही. त्याऐवजी शनिवारी संध्याकाळी फ्रँकलिन आणि जॅक्सनच्या कोपऱ्यावर गेलो, तिथल्या पाटीवर फजलुर आर. खान वे लिहिलंय. ह्यांनी फोटो काढायला सांगितला, स्वतःहून, तोही दोनदा. मग कॉफीच्या दुकानात बसलो तर काउंटरवरच्या कागदी स्ट्रॉ घेऊन आले, मोजून नऊ. एक हातात दिली आणि म्हणाले वाकव, वाकली. मग माझ्या केसांचं रबर मागितलं, नऊच्या नऊ तीन-तीनच्या रांगा करून बांधल्या आणि म्हणाले आता वाकव. नाही वाकली. म्हणाले सिअर्स टॉवर म्हणजे हेच, नऊ चौकोनी नळ्या, प्रत्येक 75 फूट रुंद, एकमेकींना बांधलेल्या, दोन 50 व्या मजल्यावर थांबतात, दोन 66 वर, तीन 90 वर आणि शेवटपर्यंत फक्त दोनच जातात, म्हणून तो असा पायरी-पायरीने वर गेलेला दिसतो. मग खिशातल्या नेलकटरने स्ट्रॉ त्या त्या उंचीला कापून पण दाखवल्या. चौतीस वर्षांत ह्यांच्या कामातलं मला इतकं नीट कधीच कळलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मी कधी विचारलंही नव्हतं.

बुकिंगचं शेवटचं सांगते. शनिवार-रविवारची तिकिटं लवकर संपतात, शुक्रवार सकाळची आम्हाला चार दिवस आधी मिळाली. सकाळच्या बोटीला गर्दी कमी. कडाक्याच्या थंडीत ह्या बोटी बंद असतात, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत जाणार असाल तर बोटीच्या भरवशावर राहू नका. त्या नऊ स्ट्रॉ लेकीच्या फ्रिजवर उभ्या आहेत, रबरासकट. जावई रोज विचारतात हे काय आहे आणि हे रोज सांगतात. ते दोघं अजून शिकागोला गेलेले नाहीत, इतकी वर्षं अमेरिकेत राहून, म्हणून ऑक्टोबरातली एक शुक्रवारची सकाळ बघून त्यांची दोन तिकिटं मीच काढून ठेवली आहेत.